वस्तीतली हिंसा थांबवायचं काम : सतत येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

शहरातल्या वस्त्यांमध्ये मारामाऱ्या, सुरे-चाकू, गोळीबार, टोळ्यांचं वैर थांबवायला स्थानिक माणसांची टीम उभी करायची आणि ती चालवायची, हे काम मी बरीच वर्षं करतोय. ट्रेनिंगला आलेले लोक, नवीन संस्थावाले, कधी एखादी आई, सगळे फिरून फिरून जवळपास हेच प्रश्न विचारतात म्हणून एकत्र लिहून ठेवले. सुरुवातीचे प्रश्न बेसिक आहेत, पुढे पुढे अवघड होत जातात. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला की प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. हा प्रोग्राम म्हणजे नेमकं काय? भांडणं थांबवणं पोलिसांचं काम नाही का?

गुन्हा झाल्यावर आरोपीला पकडणं, केस उभी करणं हे पोलिसांचंच काम आहे आणि त्यांनीच करायचं. आपण त्याच्या आधीच्या वेळेत काम करतो. म्हणजे शिवीगाळ झालीय, कोणीतरी कोणाच्या कानाखाली मारलीय, "बघून घेतो" म्हणून झालंय, पण सुरा अजून बाहेर निघालेला नाही, तो मधला वेळ आपला.

विचार असा की हिंसा साथीसारखी पसरते. एक मारामारी झाली की तिचा बदला, मग त्या बदल्याचा बदला. गॅरी स्लटकिन नावाचे साथरोगांचे डॉक्टर परदेशात साथींवर काम करून शिकागोला परतले आणि त्यांनी हाच विचार वापरून २००० साली तिथल्या वेस्ट गारफिल्ड पार्क भागात काम सुरू केलं, पुढे ते क्युअर व्हायलन्स या नावाने बऱ्याच देशांत गेलं. त्याच्याही आधी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असा ठराव केला होता. तर काम तीन पदरी आहे : भडका उडायच्या आत अडवायचा, जी मोजकी पोरं सगळ्यात जास्त धोक्यात आहेत त्यांच्यासोबत महिनोन्महिने राहायचं, आणि "मारलं म्हणजे मर्द" हे जे वस्तीचं मत बनलंय ते हळूहळू बदलायचं.

२. हे खरंच चालतं का? की नुसती पोस्टरबाजी?

काही ठिकाणी खूप चांगलं चाललंय, काही ठिकाणी अजिबात नाही, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय मी कोणालाही या कामात ओढत नाही. अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये १९९६ साली ऑपरेशन सीझफायर सुरू झालं, त्यात पोलीस, समाजसेवक, चर्चवाले सगळे एकत्र होते, आणि नंतरच्या अभ्यासात तरुणांच्या खुनाचं मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. अमेरिकेतल्याच ओकलंडमध्ये २०१२ पासून अशाच पद्धतीने काम झालं, तिथे बंदुकीने होणारे खून ३१ टक्क्यांनी घटले असं अभ्यासकांनी मांडलं. दुसरीकडे पिट्सबर्गमध्ये अशाच प्रोग्रामचा अभ्यास झाला तेव्हा खून कमी झाल्याचं दिसलं नाही, उलट हल्ले वाढलेले दिसले. बाल्टिमोरमध्ये तर एकाच शहरात, एकाच नावाच्या प्रोग्रामचे वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे निकाल आले.

म्हणजे मॉडेलचं नाव घेऊन काही होत नाही. माणसं कोण निवडली, ती धोक्यातल्या पोरांपर्यंत खरंच पोचली का, आणि काम मधेच थांबलं तर नाही ना, यावर सगळं अवलंबून असतं. माझा अनुभवही हाच आहे.

३. सुरुवात कुठून करू? लगेच मीटिंग बोलावू का?

नको. मीटिंगला जे येतात त्यांच्यापासून वस्तीला धोका नसतो आणि ज्यांच्यासाठी काम करायचंय ते मीटिंगला येत नाहीत.

आधी जागा लहान करा. अख्खं शहर घेऊ नका, अख्खा वॉर्डही घेऊ नका, दोन-चार गल्ल्या घ्या. हिंसा सगळीकडे सारखी पसरलेली नसते. बॉस्टनमध्ये हिशोब केला तेव्हा शहरातल्या तरुणांपैकी एक टक्क्याहून कमी पोरं टोळ्यांत होती आणि तरुणांच्या खुनांपैकी निदान ६० टक्के त्यांच्या आसपास घडत होते. तुमच्याकडे आकडा वेगळा निघेल, पण चित्र बहुतेक असंच असतं, नावं काढायला बसलात तर वीस-पंचवीसच्या पुढे यादी जात नाही.

मग ऐका. दोन-तीन महिने नुसतं ऐका. मागच्या वर्षी कुठे कुठे झालं, किती वाजता, कशावरून, कोण कोणाचा भाऊ लागतो, कोणाची कोणावर खुन्नस आहे. पोलीस रेकॉर्डवर विसंबू नका, कारण मार खाल्लेली बरीच माणसं चौकीवर जातच नाहीत, ती हॉस्पिटलात जातात. ब्रिटनमधल्या कार्डिफमध्ये जोनाथन शेफर्ड या सर्जनच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी इमर्जन्सी वॉर्डात नाव न घेता फक्त "कुठे झालं, कशाने झालं, कधी झालं" एवढंच लिहून घ्यायची पद्धत बसवली, त्यातून कुठल्या रस्त्यावर, कुठल्या बारबाहेर सगळ्यात जास्त मारामाऱ्या होतात ते कळलं आणि हॉस्पिटलात भरती होणारे जखमी बाकीच्या शहरांच्या तुलनेत बरेच घटले. कागदावर तीन रकाने आखले की झालं, पण वस्तीबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी ती वही ठरते.

४. मी त्या वस्तीतला नाही. मी लीड करू शकतो का?

ऑफिस, पैसा, हॉस्पिटल, सरकारी खाती हे सांभाळायला बाहेरचा माणूस चालतो, मी स्वतः बाहेरचाच होतो. पण रात्री अकरा वाजता जिन्यात बसलेल्या पोराशी बोलायला तुम्ही जायचं नाही. तुमचं काम त्या बोलणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहायचं. त्याला वेळेवर पगार मिळतोय का, त्याचं घर ठीक आहे का, त्याच्यावर दबाव येतोय का हे बघायचं. ज्याला हे दुय्यम वाटतं, स्वतः हिरो व्हायचंय, त्याने हे काम घेऊ नये असं मी स्पष्टच सांगतो.

५. टीममध्ये जेलमधून सुटलेल्यांना घेतात म्हणे. हे धोक्याचं नाही का?

धोका आहे, पण ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस दुसरीकडून आणणार कुठून? ज्या पोराच्या डोक्यात आत्ता खून चढलाय त्याच्यापुढे पदवीवाला काउन्सेलर बसवलात तर तो ऐकूनही घेत नाही, पण ज्याने स्वतः आठ-दहा वर्षं आत काढली आणि बाहेर आल्यावर आईचा चेहरा बघायला मिळाला नाही, तो नुसता समोर बसला तरी फरक पडतो.

निवडताना आम्ही एवढं बघतो : तो खरंच बाहेर पडलाय ना (अर्धा आत अर्धा बाहेर असा माणूस अजिबात नको), दोन्ही बाजूंची पोरं त्याला मानतात की एकाच टोळीचा म्हणून ओळखतात, रागाच्या भरात स्वतःला आवरता येतं का, आणि बायका-मुलींवरच्या अत्याचाराची किंवा लहान मुलांच्या छळाची केस आहे का, ती असेल तर विषय तिथेच संपला. निवड एकट्याने करू नका, वस्तीतली दोन जुनी माणसं, हॉस्पिटलातलं कोणीतरी, टीममधली एखादी ताई असे चार-पाच जण बसवा.

आणि टीममध्ये बायका हव्यातच. पोराच्या आईपर्यंत, बहिणीपर्यंत पोचायला त्याच लागतात, आणि भांडणाची पहिली खबर दहापैकी सात वेळा त्यांच्याकडूनच येते, हा माझ्या वहीतला हिशोब आहे. घेतलेला माणूस पुन्हा घसरला तर काय, ते प्रश्न १५ मध्ये.

६. मध्यस्थी प्रत्यक्षात कशी करतात? एखादं उदाहरण सांगा ना.

एका पोराच्या धाकट्या भावाला चारचौघांत थोबाडीत मारली आणि कोणीतरी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. हा पोरगा, म्हणजे थोरला, एकोणीस वर्षांचा. संध्याकाळी त्याच्या मावशीने आमच्या टीममधल्या माणसाला (त्याला सगळे 'भाऊ' म्हणतात) फोन केला, "हा जेवला नाही आणि बोलत नाही" एवढंच म्हणाली. भाऊ गेला तेव्हा पोरगा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेला, हुडीच्या खिशात उजवा हात, डावा गुडघा सतत हलतोय. भाऊ एक पायरी खाली बसला, मुद्दाम खाली, उभं राहून नाही. पाण्याची बाटली मधे ठेवली. पहिली पंधरा-वीस मिनिटं दोघंही गप्प. मग भाऊने विचारलं, "व्हिडिओ किती जणांनी बघितला असेल?" पोरगा म्हणाला, "सगळ्यांनी." भाऊ म्हणाला, "म्हणजे आज तू काही केलंस तर सगळ्यांना आधीच माहितीये कोणी केलं." पुढे बराच वेळ काही नाही. मग पोराचा गुडघा थांबला. भाऊने फक्त एवढंच मागितलं, उद्या संध्याकाळपर्यंत थांब, तोपर्यंत व्हिडिओ काढून टाकायचं मी बघतो.

त्याच रात्री टीममधला दुसरा जण समोरच्या बाजूला गेला. व्हिडिओ डिलीट झाला. माफी मागायला लावली नाही, कारण सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं म्हणजे नवीन अपमान आणि मग नवीन खुन्नस. चार दिवसांनी दोघं एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेले, आमच्या हिशोबात हे यश आहे. मिठी मारायला लावू नका.

यातून घ्यायचं ते असं. दोघांना पहिल्या फटक्यात समोरासमोर बसवायचं नाही, आधी वेगवेगळं. चूक कोणाची हा निवाडा आपण करायचा नाही. तात्पुरता वेळ मागायचा, "कधीच मारू नकोस" असं वचन मागायचं नाही, ते कोणी पाळत नाही. दोघांचंही नाक वर राहील अशी वाट काढायची. आणि नंतर तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने परत जायचं, कारण मॅटर मिटला असं वाटतं आणि कोणाच्या तरी वर्षश्राद्धाला किंवा वाढदिवसाला परत पेटतो.

७. पोलिसांशी संबंध ठेवायचे की नाही?

ठेवायचे, पण लीडरने ठेवायचे, गल्लीत काम करणाऱ्या टीमने नाही. ही रेघ पहिल्या दिवशी आखा आणि तिन्ही बाजूंना सांगा : पोलिसांना, टीमला, वस्तीला. माहिती पोलिसांकडून आपल्याकडे येऊ शकते (अमुक ठिकाणी काल हल्ला झाला, तणाव आहे), आपल्याकडून नावं तिकडे जात नाहीत. टीमचा माणूस चौकीत बसलेला किंवा पोलिसांच्या गाडीजवळ हसत गप्पा मारताना दिसला तरी वर्षभराची मेहनत एका संध्याकाळी जाते.

अधिकाऱ्यांना हे पटवायला वेळ लागतो, काहींना राग येतो, "गुन्हेगारांना पाठीशी घालता" असं ऐकावं लागतं. मी त्यांना सांगतो, साहेब, तुम्हाला जी माहिती हवीय ती आमच्याकडे येतेच ती आम्ही तुम्हाला देत नाही म्हणून. अधिकारी बदलला की हे सगळं पुन्हा नव्याने सांगायचं. याला अपवाद आहेत, ते पुढच्या प्रश्नात.

८. एखादा पोरगा म्हणाला "उद्या त्याला संपवतो", तरी गप्प बसायचं?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर घटना घडत असताना शोधायचं नसतं, आधीच ठरलेलं असावं लागतं. आमची टीम पहिल्याच भेटीत पोराला सांगते, "तुझं बोलणं माझ्या पोटात राहील, फक्त तीन गोष्टी राहणार नाहीत : कोणाचा जीव आत्ता जाणार असेल आणि आपण दोघांनी मिळून तो थांबवता येत नसेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा तू स्वतःचं काही बरंवाईट करणार असशील." आधी सांगितलं की तो विश्वासघात होत नाही. कमाल म्हणजे पोरं हे मान्य करतात, काही जण तर ऐकून सुटल्यासारखे होतात.

प्रत्यक्षात "संपवतो" म्हणणारे बहुतेक जण थांबवलं जाण्याची वाट बघत असतात, नाहीतर सांगितलंच नसतं. म्हणून आधी प्रश्न ६ मधलं सगळं करा, सोबत राहा, त्याला काही दिवस नातेवाईकांकडे हलवा, ज्याला धोका आहे त्यालाही दुसऱ्या कोणामार्फत बाजूला करा. तरीही घड्याळ पुढे चाललंय आणि हत्यार हातात आहे असं दिसलं की लीडरला फोन, आणि पुढचा निर्णय लीडरचा, टीममधल्या माणसावर तो टाकायचा नाही. कुठली माहिती कळवणं कायद्याने बंधनकारक आहे हे देशानुसार बदलतं, त्यामुळे काम सुरू करायच्या आधी वकिलाकडून लेखी घ्या आणि तो कागद टीमसोबत बसून वाचा.

९. आमच्या माणसाला "खबरी" म्हणायला लागलेत. आता?

लगेच हालचाल करा, आठवडाभर थांबू नका. त्याला काही दिवस त्या गल्लीतून बाहेर काढा, घरच्यांची सोय बघा. मग अफवा कुठून निघाली ते शोधा. बहुतेक वेळा योगायोग असतो, आपला माणूस भेटून गेला आणि दुसऱ्या दिवशी छापा पडला. ज्याचं तिथे ऐकलं जातं अशा एखाद्या जुन्या माणसाकडून बोलणं करा, स्वतः जाऊन खुलासे देत फिरू नका, त्याने संशय वाढतो. आणि अफवा खरी निघाली तर, म्हणजे त्याने खरंच माहिती दिली असेल, तर तो माणूस या कामात राहू शकत नाही, त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी.

१०. नवरा बायकोला मारतो, त्यातही तुमची टीम मध्यस्थी करते का?

नाही. घरातल्या हिंसेत मध्यस्थी करायची नाही म्हणजे नाही. टोळीच्या भांडणात दोन बाजू कमी-जास्त सारख्या ताकदीच्या असतात, म्हणून दोघांचं नाक राखून वाट काढता येते. घरात एक जण मारतो आणि दुसरी त्याच छताखाली अडकलेली असते, तिथे "दोघांनी थोडं थोडं समजून घ्या" म्हणणं म्हणजे तिला परत त्याच खोलीत ढकलणं. आणि ती सोडून जायला निघते तो काळ तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा असतो, तेव्हा आपली अर्धवट मदत तिच्या जिवावर बेतू शकते.

टीमने करायचं ते एवढंच : तिचं ऐकायचं, विश्वास ठेवायचा, नवऱ्याला कळणार नाही अशा पद्धतीने या विषयात शिकलेल्या बाईपर्यंत, हेल्पलाइनपर्यंत, निवाऱ्यापर्यंत पोचवायचं. कधी जायचं, जायचं की नाही हे तिने ठरवायचं. आमच्याकडे सुरुवातीला एकाने चांगुलपणाने नवऱ्याला "दम" दिला होता, त्या रात्री तिला जास्त मार पडला. तेव्हापासून हा नियम ट्रेनिंगच्या पहिल्या तासाला सांगतो.

११. हॉस्पिटलात जाऊन काय करायचं? तिथे तर आधीच गर्दी असते.

जखमी पोरगा कॉटवर पडलेला असतो ते काही तास फार मोलाचे असतात. तो घाबरलेला असतो, मित्र बाहेर कॉरिडॉरमध्ये बदल्याची भाषा करत असतात, आई रडत असते. ओकलंडमध्ये १९९४ पासून जखमी तरुणांना कॉटपाशीच गाठायचं काम सुरू झालं आणि नंतर बऱ्याच शहरांनी ते उचललं. दोन माणसं पाठवा, एक कॉटपाशी, एक कॉरिडॉरमध्ये. कॉरिडॉरमधला माणूस जास्त अनुभवी हवा. हॉस्पिटलशी आधीच लेखी बोलणं करून ठेवा आणि पेशंटने हो म्हटल्याशिवाय भेटू नका. "कोणी मारलं" हे विचारायचंच नाही. डिस्चार्जनंतर परत त्याच गल्लीत झोपायला जाणार का, एवढं मात्र नक्की विचारा.

१२. पोरांना नुसतं समजावून काही होतं का? काम-धंदा नाही तर काय करणार ती?

नुसत्या भाषणाने काही होत नाही, बरोबर आहे. नोकरी, शाळेत परत जाणं, कागदपत्रं, व्यसनाचे उपचार हे सोबत लागतंच. पण नोकरी दिली आणि राग तसाच राहिला तर पहिल्या आठवड्यात सुपरवायझरशी मारामारी होते, हेही बघितलंय.

शिकागोच्या शाळांमध्ये बिकमिंग अ मॅन नावाचा प्रोग्राम आहे, त्यातला एक खेळ मी सगळीकडे वापरतो. जोड्या पाडायच्या, एकाच्या हातात बॉल द्यायचा, दुसऱ्याला सांगायचं तीस सेकंदात तो मिळव. जवळजवळ सगळे ओढाताण करतात, मूठ पिरगळतात, जमिनीवर लोळतात. मग विचारायचं, "नुसता मागितला का नाहीस?" पोरं म्हणतात, "त्याने दिलाच नसता." तेव्हा समोरच्याला विचारायचं, आणि तो म्हणतो, "मागितला असता तर दिला असता, बॉलच तर आहे." यानंतर खोलीत जी शांतता होते ती मला पाठ झालीय. कोणाला प्रोग्राममध्ये घ्यायचं आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवून त्याची तपासणी झाली, त्यात प्रोग्राम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४५ ते ५० टक्के कमी झाल्या, पण संपल्यावर अटकांवरचा तो फरक टिकला नाही. म्हणून सहा महिन्यांचा कोर्स करून सर्टिफिकेट वाटू नका, पुढेही हात धरून ठेवा.

पैसे द्यावेत का असंही विचारतात. कॅलिफोर्नियातल्या रिचमंड शहराने २०१० मध्ये १८ महिन्यांची फेलोशिप सुरू केली, सगळ्यात धोक्यातल्या तरुणांसाठी, आणि सहा महिने टिकून स्वतःची ध्येयं गाठत राहिलेल्यांना महिन्याला १,००० डॉलरपर्यंत भत्ता. खूप टीका झाली, "गुन्हेगारांना पगार" वगैरे. माझं मत, भत्ता मेहनतीला जोडलेला असेल आणि रोजचा माणूस सोबत असेल तर द्यावा, नुसतं "भांडू नको, हे घे" असं असेल तर अजिबात नाही.

१३. भांडणं आता मोबाईलवरच सुरू होतात. त्याचं काय?

खरंय. लाइव्हवर दिलेली शिवी, स्टोरीत टाकलेला मेलेल्या मित्राचा फोटो आणि खाली हसणारी इमोजी, एवढ्यावरून जीव गेलेत. टीममध्ये एक-दोन तरुण ठेवा ज्यांना कोणाचं कुठलं खातं हे माहिती आहे. पण जे बघायचं ते उघडपणे बघायचं, खोटी खाती बनवून पाळत ठेवायची नाही, ते पोलिसी काम झालं आणि कळलं की प्रश्न ९ उभा राहतो. पोस्टवर कमेंट करून समजावू नका, तिथे प्रेक्षक असतात आणि प्रेक्षकांसमोर कोणी माघार घेत नाही. फोन करा किंवा भेटा.

१४. धार्मिक किंवा जातीय तणाव असेल तर हीच पद्धत चालते का?

अर्धी चालते. तिथे भांडण दोन पोरांचं राहत नाही, बाहेरून कोणीतरी हवा देत असतं, त्यामुळे फक्त पोरांशी बोलून भागत नाही, दोन्हीकडची मोठी माणसं आधीपासून एकमेकांना ओळखत असावी लागतात. भिवंडीत १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगलींनंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांच्या काळात मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, दोन्ही समाजांतली साधी माणसं नेमाने एकत्र बसायची, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांना पोलिसांचा पुढाकार होता, तर टोळीच्या कामात आपण पोलिसांपासून अंतर ठेवतो (प्रश्न ७), म्हणजे दोन्ही कामं एकाच टीमकडून करवू नका. आणि अफवा तपासायची फोनसाखळी शांततेच्या दिवसांतच तयार ठेवा, कोण कोणाला विचारून खात्री करणार ते नावानिशी.

१५. टीममधलाच एक जण गुन्ह्यात सापडला. प्रोग्राम बंद करावा लागेल का?

हे होतं. होणार नाही असं कोणी सांगत असेल तर त्याने हे काम केलेलं नाही. लपवू नका. त्याच दिवशी कामावरून बाजूला करा, पैसा देणाऱ्यांना बातमी छापून यायच्या आत स्वतः सांगा, टीमला एकत्र बसवून जे माहिती आहे तेवढंच सांगा. चौकशीत दोषी निघाला तर काढा, पण माणूस म्हणून तोडू नका, वकील मिळवून देणं, घरी जाऊन येणं एवढं तरी करता येतं. बाकीचे बघत असतात की आपल्यावर अशी वेळ आली तर हे लोक काय करतील.

१६. स्थानिक नेते, दादा लोक मदत करायला तयार आहेत. घ्यावी का?

जागा, खुर्च्या, माइक यापुढे नको, आणि तेही सगळ्या पक्षांकडून किंवा कोणाकडूनच नाही. निवडणुकीच्या आधी तर बॅनरवर फोटोसुद्धा नको. दादाने "मी दोघांना बोलावून सेटलमेंट करून देतो" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा, कारण त्या सेटलमेंटची किंमत पोरं नंतर त्याची कामं करून फेडतात.

१७. यश मोजायचं कसं? फंड देणारे आकडे मागतात.

द्या आकडे, पण जे मोजता येतं तेच द्या. जखमींची आणि खुनांची संख्या निदान आधीच्या तीन वर्षांशी आणि शेजारच्या तशाच दुसऱ्या वस्तीशी ताडून बघा, नाहीतर शहरभर घट झाली आणि श्रेय आपण घेतलं असं होतं. "आम्ही ४० खून थांबवले" असं कधीच लिहू नका, न घडलेला खून कोणी मोजू शकत नाही. किती मध्यस्थ्या केल्या, त्यातल्या किती महिन्यानंतरही शांत आहेत, यादीतल्या पोरांपैकी किती जणांशी आठवड्याला भेट होते, हे लिहा. रेकॉर्डमध्ये खरी नावं ठेवू नका, कोड वापरा आणि कोडची यादी वेगळ्या ठिकाणी, कारण उद्या ती कागदपत्रं कोणीही मागू शकतं.

१८. पैसे फारच कमी आहेत. टीम परवडत नाही. तरी काही करता येईल का?

येईल. फिलाडेल्फियात ५४१ पडीक मोकळ्या जागा घेऊन काही ठिकाणी कचरा काढला, गवत-झाडं लावली, छोटं लाकडी कुंपण घातलं आणि काही जागा तशाच ठेवून तुलना केली. २०१८ मध्ये निकाल छापून आला, सगळ्यात गरीब भागांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी कमी. हत्यार लपवायच्या जागा जातात, माणसं बाहेर बसायला लागतात. बंद पडलेला दिवा बदलून घेणं, अंधारा जिना उजळवणं यानेही सुरुवात होते. पण अर्ध्या पगारावर किंवा फुकट मध्यस्थ नेमू नका, ते त्याच्यावर अन्याय आहे आणि धोक्याचंही.

१९. टीममधल्या माणसाला काही झालं तर? आणि रोज हे बघून ती माणसं खचत नाहीत का?

खचतात. बाल्टिमोरमध्ये हे काम करणारे कार्यकर्ते स्वतः गोळीबारात मारले गेलेत. मी माझ्या टीमचा माणूस गमावलेला नाही, पण एका रात्री आमच्यापैकी एकीचा फोन अडीच तास लागत नव्हता आणि ते अडीच तास मी अजून विसरलेलो नाही. ती सुखरूप होती, चार्जिंग संपलं होतं. दुसऱ्या दिवसापासून नियम केला : एकट्याने जायचं नाही, जाताना-येताना मेसेज, आणि ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांत मेसेज नाही आला तर शोधायला निघायचं.

इन्शुरन्स, पगारी सुट्टी, मानसोपचार हे बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा, उरले तर देऊ असं नको. ज्या पोरासोबत वर्षभर बसलो तो गेला की आमची माणसं त्याच्या आईला सांभाळतात, बाकीच्या पोरांना बदल्यापासून थांबवतात आणि स्वतः रडायला त्यांना वेळच मिळत नाही. अशा वेळी त्यांना निदान एक आठवडा पूर्ण सुट्टी द्या, मागितली नाही तरी द्या. "मी ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका, त्यांच्या घरच्यांना विचारा झोप लागते का म्हणून.

२०. फंड संपतोय, तीन महिन्यांनी प्रोग्राम बंद होणार. वस्तीला कधी सांगायचं?

आजच. शेवटच्या दिवशी गायब होणं सगळ्यात वाईट, त्या पोरांना आयुष्यात आधीच बरेच जण असे सोडून गेलेले असतात. आधी टीमला सांगा म्हणजे ते दुसरी नोकरी शोधतील. मग यादीतल्या प्रत्येक पोराला त्याचाच माणूस समोर बसून सांगेल, ग्रुपवर मेसेज टाकून नाही. चालू असलेली वैरं लिहून काढा, जी अजून गरम आहेत ती आधी घ्या आणि नवीन कोणाला यादीत घेऊ नका. प्रत्येक पोरासाठी एक मोठं माणूस ठरवा, मामा, मास्तर, जुना मालक, कोणीही, आणि जायच्या आधी दोघांना एकत्र भेटवा. फोन नंबर बंद करू नका. आमचा एक प्रोग्राम बंद झाल्यावर तो नंबर मी स्वतःकडे ठेवला, सुरुवातीला रोज वाजायचा, आता महिन्यातून एखाद-दोनदा वाजतो आणि मी उचलतो.